अठरा पाकिटांचा बेस

आधी एक खुलासा. कर्जत म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर लोकल, पावसाळी ट्रेक आणि फार्महाऊसवरचा वीकेंड आला असेल, त्यांनी यू-टर्न घ्यावा. ते कर्जत रायगडातलं. माझं आजोळ असलेलं कर्जत नगर जिल्ह्यातलं (२०२४पासून अहिल्यानगर, पण जिभेला अजून वेळ लागतोय). इथे धबधबे नाहीत, मुळात पाऊसच मोजूनमापून पडतो. गोदड महाराजांची रथयात्रा आहे, तालुक्यात राशीनची यमाई आहे, रेहेकुरीची काळविटं आहेत. आणि एक ऑर्केस्ट्रा आहे, ज्यात माझा मामेभाऊ बेस गिटार वाजवतो.

‘बेस? आणि कर्जतला?’ पुण्यातल्या प्रत्येक मित्राने मला हे विचारलंय, आणि विचारताना प्रत्येकाच्या भुवया त्याच उंचीपर्यंत गेल्यात. बॉस, आपण ज्या कॅफेत बसून लाइव्ह म्युझिक ऐकतो ना, तिथला बेसिस्ट शनिवारी रात्री दोन तास एकाच मूडची गाणी वाजवतो. आमचा दादा दिवसभर कृषी सेवा केंद्रात खतांची बिलं फाडतो आणि रात्री एका स्टेजवर गणेशवंदना, मग दोन भक्तिगीतं, किशोरकुमार, कोळीगीत, लावणी आणि शेवटी ‘झिंगाट’ वाजवतो. ‘झिंगाट’शिवाय स्टेजवरून उतरूच देत नाहीत. ‘सैराट’मधला करमाळा शेजारचाच तालुका, त्यामुळे तो आता जवळपास घरचा मामला आहे! अजय-अतुलने त्या सिनेमासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. आमच्याकडे तो सगळा ऑर्केस्ट्रा एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक ढोलकी आणि दादा मिळून उभा करतात.

आणि यातला दादा कमी करता येईल का, असा प्रश्न मागच्या वर्षी निघाला.

झालं असं, की दादा पाच सीझन जो बेस वाजवत होता तो त्याचा नव्हताच. ऑर्केस्ट्रातल्या एका जुन्या मेंबरचा होता. तो मेंबर धंद्यानिमित्त गाव सोडून गेला आणि बेस सोबत घेऊन गेला. मालक म्हणाले, ‘बेस काय, कीबोर्डवर येतोच की.’ वाईट वाटतं ऐकायला, पण त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. हल्लीच्या अरेंजर कीबोर्डवर डाव्या हाताने नुसता कॉर्ड दाबला की ताल, बेस, गिटार सगळं आपोआप वाजतं. एक माणूस कमी म्हणजे एक पाकीट कमी आणि गाडीत एक सीट मोकळी. शेवटी तोडगा निघाला तो असा: स्वतःचं वाद्य आण, पाकीट चालू राहील. पाकीट म्हणजे एका कार्यक्रमाचे बाराशे रुपये.

दादाकडे बावीस हजार होते. खरं म्हणजे दादाकडे नव्हते, वहिनींकडे होते. बोअरच्या मोटारीसाठी त्यांनी बाजूला काढलेले. बावीस हजार म्हणजे अठरा पाकिटं आणि वर चारशे. हा हिशेब मी नाही, वहिनींनी केला, आणि पैसे देताना एवढंच म्हणाल्या, ‘एकदाच घ्या. परत बदलायला लागला असं नको.’

मग दादाने मला गाठलं. ‘अगं, तुला त्यातलं कळतं ना? एकच घ्यायचाय. सगळ्याला चालला पाहिजे.’

कळतं, थोडंफार. मास कॉमला असताना आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये मी तीन वर्षं बेस वाजवला. (बेस कोणाला मिळतो माहितीये? दोन गिटारवाले आधीच ठरलेले असतात आणि तिसरा मैत्री तोडायला तयार नसतो, त्याला.) पण ‘सगळ्याला चालणारा एकच बेस’ हा प्रश्न आमच्या बँडला कधी पडला नव्हता. आमची सगळी गाणी एकाच छापाची होती.

गंमत म्हणजे बेस गिटारचा जन्मच दादाच्या अडचणीतून झालाय. १९५१पर्यंत बँडमध्ये बेस म्हणजे माणसापेक्षा उंच असा उभा डबल बेस. गाडीत मावायचा नाही आणि बाकीचे जोरात वाजवायला लागले की ऐकू यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने (त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!) त्याचा आडवा, फ्रेट असलेला, अँप्लिफायरला जोडता येणारा अवतार काढला. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. १९५७मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला. हे दोन तुकडे एकमेकांचा ‘घूंऽऽ’ खाऊन टाकतात, आणि जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात याची किंमत काय असते ते वाजवणाऱ्यालाच कळतं. १९६०मध्ये ‘जॅझ बेस’ आला: बारीक नेक, दोन सिंगल पिकअप, आवाज जास्त तरतरीत. एकूण काय, प्रिसिजन म्हणजे जमिनीवर पाय रोवून उभा असलेला आवाज आणि जॅझ म्हणजे बोलका आवाज. नंतर कंपन्यांनी दोन्ही पिकअप एकाच लाकडावर बसवले. त्याला म्हणतात ‘पीजे’.

माझा विचार पहिल्या दिवसापासून पीजेवर होता. भक्तिगीताला पुढचा पी, लावणीत ढोलकीच्या वर यायचं असेल तर मागचा जे थोडा मिसळायचा, आणि नाचाच्या गाण्यांना दोन्ही फुल. तीन नॉब, बस. फक्त मागचा जे एकटा लावला तर तो गुणगुणतो, हे लक्षात ठेवायचं.

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो तेव्हा सेल्समनने मात्र दादाच्या हातात पाच तारांचा, ॲक्टिव्ह सर्किटचा, आरशासारखा चकाचक बेस दिला. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘सर, लाइव्हला हाच घेतात सगळे.’ किंमत बजेटच्या पलीकडे, पण ईएमआय आहे ना!

पाच तारांच्या मी विरोधात नाही. स्टुडिओत, आजच्या फिल्मी गाण्यांत ती खालची जाड तार सोन्यासारखी असते. पण हिशेब बघा. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची खुली तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, पाचवी तार ३१ला. मांडवात जे बारा किंवा पंधरा इंची स्पीकर स्टँडवर चढवलेले असतात, त्यांना ४१च धड झेपत नाही. आपल्याला तो सूर ऐकू येतो तो त्याच्या वरच्या स्वरांमुळे, खालचं कान आपोआप भरून काढतो. मग ३१ कोणासाठी? डीजेवाल्यांसारखे सबवूफर असते तर गोष्ट वेगळी. आणि ॲक्टिव्ह सर्किट म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी. केबल लावून ठेवली की ती उतरत राहते, आणि स्वस्तातल्या बऱ्याच ॲक्टिव्ह बेसमध्ये बॅटरी संपली की आवाजही संपतो. रात्री साडेअकराला, मिरजगावच्या पुढे कुठेतरी, नवरदेव नाचात आलेला असताना नऊ व्होल्टची बॅटरी कुठून आणायची?

‘साधा चार तारांचा दाखवा, पॅसिव्ह,’ मी म्हटलं. सेल्समनचा इंटरेस्ट तिथेच संपला. दादाचा नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जी मला परदेशी रिव्ह्यू आणि व्हिडिओंमध्ये कुठेच सापडली नव्हती. तिकडे बेस तपासतात तो ‘ई’ किंवा ‘ए’च्या सुरात. खुली तार छेडायची, मस्त घुमते, विषय संपला. आपले गायक असे गातात का? दादाच्या गायकाची पट्टी काळी एक. गायिकेची काळी चार. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटन दाबतो आणि निवांत पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवत बसतो. बेसवाल्याला असं बटन नाही. काळी एकला षड्ज धरून शुद्ध स्वरांचं गाणं लावलं, तर बेसच्या चार खुल्या तारांपैकी एकही त्या सप्तकात बसत नाही. एकही! म्हणजे गाणंभर बोट फ्रेटवरच, सुटका नाही. तीन तास असा वाजवल्यावर मनगटाचं काय होतं ते दादाला विचारा. म्हणून नेक हातात कशी बसते आणि तारा फ्रेटपासून किती उंच आहेत, हे आपल्याकडे पिकअपपेक्षाही महत्त्वाचं.

आणि एक योगायोग. काळी चार सगळ्यात जाड तारेवर चौथ्या फ्रेटला येते, आणि काळी एक तिच्या शेजारच्या तारेवर, चौथ्याच फ्रेटला. गायक आणि गायिका दोघांचंही घर एकाच गल्लीत! त्यामुळे दुकानात गेल्यावर दादाने आधी चौथा फ्रेट गाठला. तिथे तार खडखडली की बेस खाली. दुसरी टेस्ट थोडी आडवळणाची: स्क्रूने नेक जोडलेल्या अनेक बेसवर सगळ्यात बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी एक सूर ‘मेलेला’ असतो. छेडला की लगेच विझतो. लाकडाचा स्वभाव आहे तो, महागड्या बेसमध्येही सापडतो. आता त्या तारेवर सहावा फ्रेट म्हणजे काय? वरची काळी एक. गायकाचा तार षड्ज! दादा तिथे बोट ठेवायचा, तार छेडायचा आणि मनात अंक मोजायचा. एका बेसला तीन मोजेपर्यंत सूर गेला. एकाला सात.

दुकानातल्या नव्या मालात यामाहाचा टीआरबीएक्स १७४, कॉर्टचा ॲक्शन पीजे आणि फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडचा ॲफिनिटी पीजे हे तीन आम्ही नीट वाजवून बघितले. तिघेही चार तारांचे, पॅसिव्ह. या किमतीत यातला कोणताही घेतला तरी तुमचं नुकसान नाही, हे प्रामाणिक मत. स्क्वायरचा आवाज मला सगळ्यात गोड वाटला. दादाला यामाहाची नेक आवडली, आणि मनगट त्याचं आहे. पण नवा घेतला तर खिशात वायरपुरतेही पैसे उरत नव्हते. आणि लाइव्ह वाजवायचं तर नुसतं वाद्य घेऊन भागत नाही.

मग मला आपली जमात आठवली. आपली म्हणजे तुमची-माझी. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी गिटार आल्या. फेंडर कंपनीनेच ते आपलं विक्रीचं विक्रमी वर्ष असल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या किती आज बेडखाली आहेत? मी ऑफिसवाल्या चार ग्रुप्सवर मेसेज टाकला आणि तासाभरात बाणेरहून उत्तर आलं. जर्मनीला निघालेला एक आयटीवाला, टीआरबीएक्स १७४, कव्हरच्या खिशात अजून बिल आणि एक न वापरलेला पिक. चौदा हजार. तो बिचारा चार गाणी शिकला होता. दादाने त्याच्या हॉलमध्ये बसून आधी चौथा फ्रेट, मग सहावा, मग नेक डोळ्यासमोर आडवी धरून वाकडी आहे का ते बघितलं (वहिनी गाय घेताना दात बघतात तसं), नॉब फिरवून खरखर ऐकली, वायर हलवून जॅक तपासला. सूर नऊ मोजेपर्यंत टिकला. आयटीवाला म्हणाला, ‘याच्यातून असा आवाज येतो हे मला माहीतच नव्हतं.’

उरलेल्या आठ हजारांतून जे झालं, त्याने बेस लाइव्हला लायक झाला. बाराशे रुपयांचं सेटिंग: नेकमधला रॉड, तारांची उंची, ब्रिजवरची सुरावट. कर्जतच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. तीही कारागिराने घासून दिली. सतराशेच्या तारा. सातशेचा रुंद पट्टा, कारण जवळपास चार किलोचं धूड तीन तास खांद्यावर असतं. नऊशेची एक चांगली केबल. आणि सव्वीसशेचा डीआय बॉक्स, ज्यातून बेस अँपशिवाय थेट मिक्सरला जातो. अँप नेण्याचा प्रश्नच मिटला, गाडीत जागाही मिटली. मालक खूश.

डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं एक बटन असतं, त्याने घूंऽऽ जातो. हे मुद्दाम सांगतेय, कारण मांडवात घूंऽऽ घालवायचा लोकप्रिय उपाय म्हणजे प्लगची जाडी अर्थिंगची पिन काढून टाकणे. कृपया करू नका. एका हाताला बेसच्या तारा, ओठाला माईक आणि दोन्हीच्या मध्ये बिनअर्थिंगचा जनरेटर, ही जीव जाण्याची रीतसर सोय आहे. दादा कोरसही गातो. त्यामुळे आता तो माईकला स्पंजची टोपी घालतो आणि लाईन चेकच्या आधी सॉकेटला तीन दिव्यांचा टेस्टर लावतो. लोक हसतात. हसू देत.

स्पंजवरून आठवलं. लावणीत ढोलकीची धुम आणि बेस एकमेकांच्या अंगावर येतात, दोघांची जागा एकच. यावर दादाने स्वतः शोधलेला उपाय: भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा ब्रिजपाशी तारांखाली सरकवायचा. सूर लांबत नाही, नुसता ‘ठुम’ येतो आणि ढोलकीला श्वास मिळतो. त्याला मी सांगितलं, की जुन्या फेंडर बेसमध्ये असा फोम कंपनीच बसवून द्यायची, आणि अमेरिकेतल्या मोटाउनच्या गाण्यांवर एका बोटाने बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन तुटल्याशिवाय तारच बदलायचा नाही. यातलं दुसरं दादाला फार आवडलं. सतराशेच्या तारा आता किती वर्षं चालणार, देव जाणे.

बावीस हजारांना हसणाऱ्यांसाठी अजून एक. पॉल मॅकार्टनीने १९६१मध्ये हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला, तो परवडतो म्हणून. साधारण तीस पौंडांना. त्यावर बीटल्स झाले. १९७२मध्ये तो चोरीला गेला आणि पन्नासहून जास्त वर्षांनी सापडून त्याला परत मिळाला, ती बातमी २०२४ची. तीस पौंडांच्या वस्तूसाठी माणसं इतकी वर्षं शोध घेतात!

मी दादाचा कार्यक्रम बघायला गेले तो एका लग्नाचा होता, कर्जतपासून अर्ध्या तासावर. कीबोर्डवाल्याने पहिल्यांदा डाव्या हाताचा बेस म्यूटच केला नाही. दोन बेस एकदम, नुसता चिखल. त्याच्या सवयीचा भाग होता तो, आणि थोडा इगोचाही. दादा काही बोलला नाही. तो स्वतः थांबला, चार ओळी हात खाली ठेवून उभा राहिला. मालकांनी मिक्सरवरून कीबोर्डवाल्याकडे बघितलं.

मग लाइट गेले. जनरेटर पंधरा सेकंदांत धरला, मिक्सर जुना ॲनालॉग, तो लगेच जागा झाला. पण अरेंजर कीबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच, स्क्रीनवर कंपनीचं नाव येऊन तो हळूहळू उठत होता. गायक माईकपाशी तसाच उभा. समोर दोनशे माणसं, नवरीची मावशी नाचाच्या पोझमध्ये अडकलेली. ढोलकीवाल्याने ठेका धरला, दादाने चौथा फ्रेट. काळी एक. गायकाने तिथूनच अंतरा उचलला. कीबोर्ड पूर्ण उठेपर्यंत अख्खं कडवं ढोलकी आणि बेसवर झालं. कीबोर्डवाला आत आला तेव्हा त्याचा डावा हात मांडीवर होता.

परतताना मालकांनी पाकीट दिलं. बाराशेच होते, मी दादाला मोजायला लावलं. ‘अगं, वाढवत्यात व्हय लगीच?’ दादा म्हणाला. पण पुढच्या तीन तारखा त्यांनी गाडीतच सांगितल्या.

वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर कार्यक्रमाच्या प्रत्येक तारखेपुढे पेनाने एक आडवी रेघ असते. दुधाच्या खाड्यांच्या खुणा वेगळ्या, या वेगळ्या. मी मोजल्या, सात होत्या. मोटार अजून जुनीच आहे, तिचा आवाज बाहेर येत होता. ‘अकरा राहिलीत,’ वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘आणि वरचे चारशे.’